देव्हाऱ्याच्या जाळीतील सरकलेल्या ओळी : एका हौशी सीएनसी मशीनचा प्रकरण अभ्यास

फोंडा तालुक्यात म्हार्दोळच्या परिसरात एका मेस्त कुटुंबाचा देव्हारे आणि मखरे करण्याचा जुना व्यवसाय आहे. थोरले मेस्त, ज्यांना गावात सगळे काकाच म्हणतात, आजही पटाशीने काम करतात. त्यांच्या पुतण्याने आयटीआय झाल्यावर एक जुने, वापरलेले हौशी सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र, विकत घेतले आणि त्यावर नावाच्या पाट्या, घड्याळाच्या चौकटी असे किरकोळ काम सुरू केले. यंदा चवथीसाठी मखरांची आणि त्यासोबत काही देव्हाऱ्यांच्या जाळ्यांची ऑर्डर आली, तेव्हा ही हौस पहिल्यांदा धंद्याला जुंपली गेली आणि मशीनचे रडगाणे सुरू झाले. मे महिन्यात त्यांनी मला बोलावले, तोवर फणसाच्या चांगल्या फळ्या वाया गेल्या होत्या, तीन वेगवेगळी सेंडर सॉफ्टवेअरे (लॅपटॉपवरून मशीनला आज्ञा पाठवणारी) बदलून झाली होती आणि फर्मवेअरही, म्हणजे मशीनच्या बोर्डमधील प्रोग्रॅमही, नव्याने भरून झाले होते.

तक्रार अशी होती. जाळीचे पहिले काही हार नीट कोरले जातात. नंतर कधीतरी संपूर्ण नक्षी पुढच्या किंवा मागच्या बाजूला, म्हणजे वाय अक्षावर, सरकते आणि तिथून पुढचे काम त्या सरकलेल्या जागेवरून बिनबोभाट चालू राहते. कधी काम मध्येच थांबून पडद्यावर ‘अलार्म १’ येतो. कधी यूएसबीची जोडणीच तुटते. शिवाय आदल्या दिवशी शून्य, म्हणजे कामाचा आरंभबिंदू, घेऊन ठेवले असले तरी दुसऱ्या दिवशी काम भलत्याच ठिकाणी सुरू होते. पुतण्याच्या मते हे सगळे सॉफ्टवेअरचे दुखणे होते. काकांनी मत देण्याचे टाळले. “लाकडात दोष नाही, एवढे मी सांगतो. बाकीचे तुम्ही बघा,” एवढेच ते म्हणाले.

मशीनची रचना या वर्गात नेहमी आढळणारी आहे. ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट, साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरची कामाची जागा, नेमा-१७ आकाराच्या स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटारी, एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकणारे टी-८ स्क्रू, आर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर बसणारा सीएनसी शील्ड व्ही-३ हा जोडबोर्ड, त्यात खोचलेले, मोटारींना करंट देणारे छोटे स्टेपर ड्रायव्हर आणि आत जीआरबीएल हे फर्मवेअर. मूळचा लहान डीसी स्पिंडल (बिट फिरवणारी मोटार) काढून त्याजागी सुतारकामाचा २३० व्होल्टचा ट्रिमर बसवलेला होता, आणि तो स्वतःच्या बटणावर हाताने चालू-बंद केला जाई.

तपासाचा पाया

पुढचा सगळा तपास एकाच मुद्द्यावर उभा असल्यामुळे तो आधी मांडतो. स्टेपर मोटारीला फर्मवेअर पल्स पाठवते आणि पाठवलेले पल्स मोजूनच टूल कुठे आहे ते ठरवते. मोटार खरोखर तेवढी फिरली की नाही हे उलट कळवणारा एन्कोडर या मशीनवर नसतो. त्यामुळे सेंडरच्या पडद्यावर दिसणारे एक्स, वाय, झेडचे आकडे म्हणजे फर्मवेअरची समजूत असते. टूल तिथेच आहे याची हमी त्यात नसते.

यावरून दोषांचे दोन गट पडतात. पडद्यावरचा आकडा अपेक्षित तोच असून टूल दुसरीकडे असेल, तर दोष फर्मवेअरच्या पुढे, म्हणजे ड्रायव्हर, मोटार, कपलिंग किंवा स्क्रूमध्ये शोधावा. मुळात आकडाच अपेक्षेपेक्षा वेगळा असेल, तर दोष फर्मवेअरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे, म्हणजे शून्य, ऑफसेट, जी-कोड फाइल (मशीनसाठीच्या आज्ञांची यादी) किंवा सेंडर यांत शोधावा. लाकडावर मात्र दोन्ही गटांचा परिणाम एकसारखाच दिसतो, आणि म्हणूनच माणूस डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीला, म्हणजे पडद्यावरच्या सॉफ्टवेअरला, दोषी धरतो. इथे तर दोन्ही गटांतले दोष एकाच वेळी हजर होते. एक सेंडर काढून दुसरा घेतल्यावर कधी फरक पडल्यासारखा वाटे, कधी वाटत नसे, याचेही कारण तेच होते.

गट ओळखण्यासाठी आम्ही मशीनच्या बेडवर लोखंडाचा एक ठोकळा पक्का केला आणि ट्रिमरच्या पकडीला डायल गेज बांधला. काम सुरू होण्यापूर्वी जी५३ ही मशीनच्या स्वतःच्या शून्यापासून मोजणारी आज्ञा वापरून मशीनच्या एका ठरावीक जागेवर जायचे, गेजचा काटा ठोकळ्याला टेकवून वाचन लिहून घ्यायचे, आणि काम झाल्यावर त्याच आकड्यावर परत येऊन काटा पुन्हा वाचायचा. आकडा तोच आणि काटा वेगळा असेल तर पहिला गट. इतक्या साध्या मोजणीने निम्मी चर्चा संपते.

फर्मवेअर बदलल्याने काय काय बदलले

मशीन हाताळण्यापूर्वी त्याचा इतिहास विचारला. पुतण्याच्या मोबाईलमध्ये मशीन घेतल्याच्या वेळचा पडद्याचा फोटो होता आणि त्यात सुरुवातीच्या ओळीवर जीआरबीएल ०.८सी असे स्पष्ट दिसत होते. आता मशीनवर १.१ एच ही आवृत्ती होती. हा एक फोटो नसता तर तपास बराच लांबला असता.

जीआरबीएल हे २००९ मध्ये सुरू झालेले मुक्त फर्मवेअर असून ते आर्डुइनो ऊनोवरील एटीमेगा-३२८पी या ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅमच्या चिपमध्ये बसते. ०.८ पासून १.१ पर्यंत येताना त्यात बरेच फरक पडले, आणि त्यातील तीन फरकांनी इथे गोंधळ घातला. पहिला फरक जोडणीच्या वेगाचा. ०.८ आवृत्ती ९६०० बॉडवर (बॉड हे जोडणीच्या वेगाचे माप) बोलत असे, तर ०.९ पासून तो वेग १,१५,२०० झाला. म्हणून फर्मवेअर भरल्यानंतर पडद्यावर नुसती निरर्थक चिन्हे उमटू लागली आणि पहिला सेंडर विनाकारण बाद झाला. दुसरा फरक सेटिंगच्या क्रमांकांचा. जुन्या आवृत्तीत $० हा क्रमांक एक्स अक्षाच्या प्रतिमिलिमीटर पावलांचा होता; नव्या आवृत्तीत तीच जागा $१०० ने घेतली आणि $० हा स्टेप-पल्सच्या लांबीसाठी, मायक्रोसेकंदांत, वापरला जातो. त्याचे नेहमीचे मूल्य १० असते. पुतण्याने जुना कागद पुढ्यात ठेवून $० मध्ये ४०० भरले होते. मोटारी विचित्र घरघर करू लागल्या तेव्हा त्याने सगळी सेटिंग्ज मूळ पदावर आणली, आणि मूळ पदावर प्रतिमिलिमीटर पावले २५० असतात. या मशीनला ती ४०० हवीत, कारण मोटारीची २०० पावले, ड्रायव्हरचे १६ सूक्ष्म भाग आणि स्क्रूचे ८ मिलिमीटर असा हिशेब आहे. २५० ठेवल्यास १०० मिलिमीटरची आज्ञा ६२.५ मिलिमीटरच चालते. ही चूक पट्टी लावल्याबरोबर दिसते, त्यामुळे ती त्याने स्वतःच शोधून दुरुस्त केली होती.

तिसरा फरक मात्र पट्टीने दिसणारा नव्हता. सीएनसी शील्ड व्ही-३ वर छापलेली नावे ०.८ च्या काळातील पिनरचनेप्रमाणे आहेत. तिच्यानुसार झेडचा लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोहोचल्याचे कळवणारा) डी११ या पिनवर आणि स्पिंडल एनेबल (स्पिंडल चालू करणारी जोडणी) डी१२ वर येतो. पुढे स्पिंडलचा वेग पीडब्ल्यूएमने, म्हणजे पल्सची रुंदी कमी-जास्त करून, बदलण्याची सोय आली आणि त्यासाठी लागणारी हार्डवेअर पीडब्ल्यूएम पिन डी११ असल्यामुळे दोघांची अदलाबदल झाली. झेडचा लिमिट डी१२ वर गेला. पडद्यावर $आय ही आज्ञा दिल्यावर येणाऱ्या पर्यायांच्या ओळीत व्ही हे अक्षर असेल, तर ही अदलाबदल लागू आहे असे समजावे. इथे ते अक्षर होते. स्विचच्या तारा मात्र शील्डवरील छापील नावाप्रमाणे जुन्याच जागी होत्या.

याचा परिणाम दूरवर पोहोचला. होमिंग, म्हणजे प्रत्येक अक्ष लिमिट स्विचला टेकवून मशीनचे शून्य शोधणे, सुरू केले की जीआरबीएल आधी झेड वर उचलते आणि मग एक्स व वाय हलवते. झेड वर जाऊन स्विचला टेकला तरी फर्मवेअरला त्याचा पत्ता नव्हता. ते नमूद प्रवासाच्या दीडपट अंतरापर्यंत शोध घेते, आणि $१३२ मध्ये मूळचे २०० मिलिमीटर तसेच असल्यामुळे जेमतेम आठ सेंटीमीटर प्रवासाचा झेड वरच्या टोकाला कडाकड आपटत राहिला व शेवटी ‘अलार्म ९’ आला. घाबरून पुतण्याने $२२ शून्य केले, म्हणजे होमिंगच बंद केले. यात आणखी एक धोका होता. फाइलमध्ये स्पिंडलची आज्ञा आली की डी११ आउटपुट म्हणून वर जाते, आणि त्याच वेळी स्विच दाबला गेला तर ती पिन थेट ग्राउंडला जोडली जाते. या चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. बोर्ड वाचला हे नशीब.

होमिंग बंद झाल्यावर चौथी तक्रार, म्हणजे दुसऱ्या दिवशी काम भलतीकडे सुरू होण्याची, आपोआप जन्माला आली. ऊनोची सिरियल जोडणी सेंडरने उघडली की डीटीआर या तिच्यातील संकेतरेषेमुळे बोर्ड रीसेट होतो. रीसेट झालेले फर्मवेअर, होमिंग नसेल तर, टूल त्या क्षणी जिथे असेल तीच जागा मशीनचे शून्य मानते. कामाचे शून्य मात्र जी५४ च्या रूपाने ईईप्रॉममध्ये, म्हणजे बोर्डच्या कायम टिकणाऱ्या स्मृतीत, मशीनच्या शून्यापासूनचे अंतर म्हणून साठवलेले असते आणि ते रीसेटनंतरही तसेच राहते. मोजण्याचा खुंटा हलला आणि अंतर तेच राहिले, की काम सरकणारच. हा दोष दुसऱ्या गटातला: इथे आकड्यानेच दिशाभूल केली होती. “काल शून्य घेतले होते ना, सर?” या पुतण्याच्या प्रश्नाला हेच उत्तर होते.

झेड स्विचच्या तारा शील्डवर स्पिंडल एनेबल असे छापलेल्या खुंट्यांवर नेल्या, तिन्ही अक्षांचा प्रवास प्रत्यक्ष मोजून $१३० ते $१३२ मध्ये भरला, $२२ पुन्हा १ केले. होमिंग पहिल्याच वेळी नीट झाले. सॉफ्ट लिमिटसाठी, म्हणजे नमूद प्रवासाबाहेरची आज्ञा फर्मवेअरनेच नाकारावी यासाठी, $२० हे सेटिंगही १ केले. होमिंग चालू असल्याशिवाय जीआरबीएल ते स्वीकारतच नाही.

अलार्म १

हार्ड लिमिट (स्विच दाबला की मशीन लगेच थांबवण्याची सोय) चालू असताना मधूनच येणाऱ्या ‘अलार्म १’ चा अर्थ, लिमिट स्विच दाबला गेला असे फर्मवेअरला वाटले. गाडी कोणत्याही टोकाच्या जवळपास नसताना तसे वाटले, तर तारेतून खोटा संकेत आला असे धरावे. पुतण्याने $२१ शून्य करून अलार्म घालवला होता. त्याने तक्रार थांबली. संकेत येणे थांबले नव्हते.

याची कसोटी सोपी आहे आणि तिला लाकूड वाया घालवावे लागत नाही. हार्ड लिमिट चालू करून मशीन स्थिर उभे ठेवायचे, कोणतीही आज्ञा द्यायची नाही, आणि फक्त ट्रिमरचे बटण चालू-बंद करायचे. लिमिटची नोंद पिनवरील बदलाच्या इंटरप्टने, म्हणजे संकेत बदलताक्षणी, होत असल्यामुळे अक्ष उभा असतानाही अलार्म येऊ शकतो. इथे तो ट्रिमर बंद करण्याच्या क्षणी वारंवार आला. ट्रिमरची वायर काढून घेतली, बाकी सगळे तसेच ठेवले, की येईनासा झाला.

ट्रिमरच्या मोटारीला कार्बन ब्रश असतात, आणि त्यांच्या ठिणग्या विजेच्या गोंगाटाचा मोठा स्रोत असतात. त्याची जाड केबल आणि लिमिट स्विचच्या बारीक तारा एकाच केबल चेनमधून, एकमेकींना चिकटून, मीटरभर गेलेल्या होत्या. स्विच नॉर्मली ओपन पद्धतीने (दाबल्यावरच जोडणी होईल असे) जोडलेले होते, म्हणजे एरवी ती तार कुठेही जोडलेली नसून चिपच्या आतल्या २० ते ५० किलोओहमच्या पुल-अपच्या (पिनला वरच्या व्होल्टेजकडे ओढून ठेवणाऱ्या रेझिस्टरच्या) क्षीण आधारावर लोंबकळत होती. अशी तार अँटेनाचेच काम करते.

उपाय तीन केले आणि ते एकामागून एक, प्रत्येकानंतर तीच कसोटी लावून. आधी लिमिटच्या तारा चेनमधून बाहेर काढून स्वतंत्र, धातूचे आवरण असलेल्या पिळाच्या केबलने नेल्या आणि ते आवरण फक्त कंट्रोलरच्या टोकाला जोडले. अलार्म कमी झाले, थांबले नाहीत. मग स्विच नॉर्मली क्लोज्ड (दाबल्यावर जोडणी तुटेल असे) केले आणि $५ हे सेटिंग १ केले. आता एरवी तार थेट ग्राउंडला बांधलेली राहते आणि तार तुटली तर मशीन आपोआप थांबते. शेवटी प्रत्येक लिमिट पिनला ४.७ किलोओहमचा बाहेरचा पुल-अप आणि ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला. या जोडीने संकेताला साधारण अर्धा मिलिसेकंद उशीर होतो. मिनिटाला ५०० मिलिमीटर वेगाने होमिंग करताना तेवढ्या वेळात अक्ष सुमारे ०.००४ मिलिमीटर सरकतो, जे लाकूडकामात नगण्य आहे. यानंतर ट्रिमर कितीही वेळा चालू-बंद केला तरी अलार्म आला नाही.

नॉर्मली क्लोज्ड जोडणीची एक अडचण आमच्या हवेत लक्षात ठेवावी लागते. स्विचच्या संपर्कावर गंज किंवा भुसा बसला तर तो उघडा असल्यासारखा वागतो आणि खोटा अलार्म देतो. म्हणून उघड्या पत्रीचे स्वस्त मायक्रोस्विच काढून बंद कवचाचे बसवले.

मुख्य दोष

इतके सगळे होऊनही जाळी सरकण्याची मूळ तक्रार सुटली नव्हती, आणि ती याने सुटेल अशी अपेक्षाही नव्हती. डायल गेजने तिचा गट आधीच सांगितला होता: काम संपल्यावर पडद्यावरचा वायचा आकडा जसाच्या तसा, आणि काटा मात्र मिलिमीटरहून अधिक ढळलेला. एक्सचा काटा जागेवर. म्हणजे वाय अक्षाचा ड्रायव्हर, मोटार, कपलिंग आणि स्क्रू एवढेच संशयित उरले. कपलिंगचे ग्रब स्क्रू घट्ट होते. शाफ्टवर आणि कपलिंगवर मिळून मार्करने एक रेघ मारली आणि काम झाल्यावर ती जुळलेलीच राहिली, त्यामुळे कपलिंग संशयातून सुटले. स्क्रू हाताने टोकापर्यंत सहज फिरत होता.

एक निरीक्षण पुतण्याने सहज बोलताना सांगितले आणि तेच सर्वांत मोलाचे ठरले. लहान पाट्या कधीच सरकत नाहीत. जाळीसारखे लांब काम सरकते, तेही सुरुवातीला नाही. वेळ गेल्यावर प्रकट होणारा दोष म्हटला की उष्णतेकडे बघावे.

कंट्रोलर प्लायवूडच्या पेटीत बंद होता. पेटीला पंखा होता, पण तो भुसा आत ओढतो म्हणून त्याच्या तोंडावर टेप लावलेली होती. झाकण काढून पाहिले तर शील्डवरचे एक्स आणि झेडचे ड्रायव्हर ए४९८८ जातीचे आणि वायचा तेवढा डीआरव्ही८८२५ जातीचा निघाला. पूर्वी एकदा वीज चालू असतानाच वायच्या मोटारीचा प्लग ओढला गेला होता, त्यात जुना ड्रायव्हर गेला आणि दुकानात मिळाला तो बसवला, असे समजले. चालू ड्रायव्हरपासून मोटार तोडली की तो जळण्याची शक्यता दाट असते. हे या छोट्या बोर्डांचे जुनेच दुखणे आहे.

हे दोन ड्रायव्हर एकाच खाचेत बसतात आणि दिसतातही सारखे, पण त्यांचा हिशेब वेगळा आहे. शील्डवरील तिन्ही मायक्रोस्टेप जंपर (एका पावलाचे किती सूक्ष्म भाग करायचे ते ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) लावले असता ए४९८८ एका पावलाचे १६ भाग करतो आणि डीआरव्ही८८२५ ३२ भाग करतो. त्यामुळे ड्रायव्हर बदलल्याबरोबर वाय निम्मेच अंतर चालू लागला होता, आणि पुतण्याने $१०१ मध्ये ४०० ऐवजी ८०० भरून अंतर बरोबर केले होते. गणिताने ते चुकीचे नव्हते. मात्र जीआरबीएलची पल्स देण्याची क्षमता सेकंदाला सुमारे ३० हजार आहे. प्रतिमिलिमीटर ८०० पावले आणि मिनिटाला २००० मिलिमीटर वेग म्हटला की जवळपास २७ हजार पल्स होतात. काम लवकर उरकावे म्हणून वेग ३००० करण्याचा त्याचा विचार होता, तसे केले असते तर आकडा ४० हजारांवर गेला असता.

खरा घोटाळा करंटचा होता. दोन्ही ड्रायव्हरवर एक बारीक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) असतो, तो फिरवला की संदर्भ व्होल्टेज बदलते आणि त्यावरून मोटारीला किती करंट द्यायचा ते ठरते. मोटारींचे प्लग न हलवता, मल्टिमीटरचा काळा प्रोब शील्डच्या ग्राउंडला आणि लाल प्रोब पॉटच्या धातूच्या डोक्यावर टेकवून वाचले, तर तिन्ही अक्षांवर ०.८२ व्होल्टच्या आसपास वाचन आले. पुतण्याने तिन्ही सारखे लावले होते. बोर्डवरचे सेन्स रेझिस्टर (करंट मोजण्यासाठीचे) तिन्हीकडे आर१००, म्हणजे ०.१ ओहमचे. ए४९८८ मध्ये करंट काढताना व्होल्टेजला रेझिस्टरच्या आठपटीने भागायचे असते. त्याने एक अँपिअरच्या किंचित वर उत्तर येते. डीआरव्ही८८२५ मध्ये पाचपटीने भागायचे असते, आणि तेच ०.८२ व्होल्ट तिथे १.६ अँपिअरहून अधिक होतात. हा बोर्ड हीटसिंक आणि वारा नसताना दीड अँपिअरच्या आसपासच दम सोडतो. वायच्या ड्रायव्हरवर हीटसिंक नव्हता. त्याच्या चिकटपट्टीचा डाग तेवढा शिल्लक होता, हीटसिंक पेटीच्या तळाशी भुशात सापडला.

चिप फार तापली की ती स्वतःच आउटपुट बंद करते आणि थोडी निवली की आपोआप पुन्हा सुरू होते. मधल्या काळात फर्मवेअर पल्स पाठवतच असते, आकडा पुढे सरकतच असतो, मोटार मात्र उभी असते. चिप शुद्धीवर आल्यावर काम नव्या जागेवरून जणू काही झालेच नाही अशा थाटात पुढे चालते. जाळी सरकते आणि पडद्यावर एकही एरर दिसत नाही, यात गूढ काही उरले नाही.

तरीही हा निष्कर्ष कसोटीशिवाय मान्य करणे योग्य नव्हते, कारण ट्रिमरचा गोंगाट स्टेपच्या तारांतही शिरू शकतो आणि त्यानेही पावले चुकू शकतात. म्हणून तीच जाळीची फाइल ट्रिमर बंद ठेवून, बिट लाकडाच्या वर उचलून, हवेत चालवली. झाकण लावून चालवली तेव्हा वाय ढळला. झाकण काढून, समोर टेबल फॅन लावून चालवली तेव्हा काटा जागच्या जागी परत आला. ट्रिमर दोन्ही वेळा बंद होता, लाकडाला बिट लागत नव्हते, फाइल तीच, सेंडर तोच. फरक फक्त वाऱ्याचा.

दुरुस्ती करताना वायच्या खाचेतील पहिले दोन जंपर काढून फक्त एम-२ ठेवला, म्हणजे डीआरव्ही८८२५ देखील १६ भाग करू लागला, आणि $१०१ पुन्हा ४०० केले. संदर्भ व्होल्टेज ०.५ वर आणले, जे या ड्रायव्हरमध्ये एक अँपिअर होते. हीटसिंक उष्णतावाहक चिकटपट्टीने पुन्हा बसवला. पंख्याची टेप काढून त्यावर जुन्या कूलरच्या जाळीचा तुकडा गाळणी म्हणून लावला आणि पेटीला विरुद्ध बाजूने हवा बाहेर जायला भोके पाडली. सगळे ड्रायव्हर एकाच जातीचे ठेवणे अधिक बरे, असे माझे मत मी त्यांना सांगितले. पण चालू असलेला ड्रायव्हर केवळ जात वेगळी म्हणून फेकण्याचे कारण नाही.

अर्थिंग

यूएसबी तुटण्याचा प्रश्न लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर जवळपास नाहीसा झाला, तेव्हा विजेच्या जोडणीकडे पाहणे भाग पडले. मशीन एका सॉकेटवर, ट्रिमर दुसऱ्यावर आणि लॅपटॉप तिसऱ्यावर होता. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एरवी एक-दोन व्होल्ट दिसावेत, तिथे मल्टिमीटर पंधरा व्होल्टच्या आसपास डोलत होता. हे काम हौशी माणसाने करू नये. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावले. अर्थपिटचा क्लॅम्प गंजून सैल झालेला निघाला, आणि पिटभोवतीचा जांभा मे महिन्याच्या उन्हात ठणठणीत कोरडा पडला होता. माती कोरडी झाली की तिचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे असे दोष आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी डोके वर काढतात आणि पाऊस लागला की आपले आपणच दबतात. क्लॅम्प बदलून, मीठ-कोळसा भरून, पाणी घातल्यावर वाचन खाली आले. तिन्ही उपकरणे सॉकेटच्या एकाच चांगल्या पट्टीवर आणली आणि लांबलचक यूएसबी केबल काढून फेराइट (विजेचा गोंगाट दाबणारा मणी) असलेली आखूड केबल लावली. विंडोजमधील यूएसबीची वीजबचत बंद केली.

जी-कोड फाइलबद्दल थोडक्यात. नक्षीवरून जी-कोड बनवणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच कंट्रोलरचा पोस्ट-प्रोसेसर (कंट्रोलरच्या बोलीत आज्ञा लिहिणारा भाग) निवडलेला असल्यामुळे फाइलमध्ये एम६ आणि जी४३ येत होते. जीआरबीएल या आज्ञा ओळखत नाही आणि ‘एरर २०’ देते. पुतण्या त्या एररकडे दुर्लक्ष करून पुढे जायचा. जाळीच्या सरकण्याशी याचा संबंध नव्हता, पण एररकडे डोळेझाक करण्याची सवय घातकच, म्हणून जीआरबीएलचा पोस्ट-प्रोसेसर निवडून फाइली नव्याने काढल्या. त्या पोस्टमध्ये शेवटी जी२८ ने झेड वर उचलण्याची ओळ येत होती. होमिंग झालेले असताना ती निरुपद्रवी असते. होमिंग नसताना मशीनचे शून्य कुठेही असू शकते आणि तीच ओळ बिट लाकडात खुपसू शकते.

दुरुस्तीनंतर संपूर्ण जाळी फणसाच्या लाकडात कोरून पाहिली. ट्रिमर चालू, पेटीचे झाकण लावलेले, बाहेर दुपारचे ऊन. काम संपल्यावर वायचा काटा डायल गेजच्या एका घराच्या आत परत आला. काकांनी जाळी उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने कडा चाचपल्या आणि पटाशी घेऊन एका कोपऱ्यात उरलेला लाकडाचा तंतू काढला. त्या कोपऱ्यात बिट बोथट झाल्याची खूण होती, त्याचा मशीनशी संबंध नव्हता.

सर्व सेटिंग्ज मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेतली असून त्यांची छापील प्रत पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. तिच्यात फर्मवेअरची आवृत्ती, तिन्ही ड्रायव्हरची जात, त्यांचे जंपर आणि संदर्भ व्होल्टेजही लिहिले आहे, कारण ही माहिती कोणत्याही सेटिंगमध्ये दिसत नाही. दोन कामे शिल्लक आहेत. एक्सच्या पितळी नटमध्ये ०.१५ मिलिमीटरचा ढिलेपणा आहे. जाळीत तो खपून जातो, पण अक्षरांच्या गोलाईत दिसतो, आणि तो नट चवथीच्या ऑर्डरी उरकल्यावर बदलायचे ठरले आहे. अर्थिंगचे वाचन पावसाळ्यात एकदा आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा घ्यायचे आहे. ही दुसरी मोजणी अधिक महत्त्वाची, कारण भर पावसात ते चांगलेच येणार.